खुबा बदलण्याच्या पहिल्या शस्त्रक्रियेआधीची भीती कशी सांभाळावी?

शाळामास्तरीण (प्रश्न)

नमस्कार. माझे वय ६१ आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षे झाली आणि आम्ही कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या जुन्या घरात राहतो. माझ्या डाव्या खुब्याच्या सांध्याची झीज इतकी झाली आहे की एक्स-रेमध्ये बॉल आणि वाटी यांच्यामधली फट दिसतच नाही, आणि गेले वर्षभर रात्री कूस बदलली तरी कळ येऊन जाग येते. महाद्वार रोडला जायचे तरी रिक्षा करावी लागते आणि रंकाळ्यावर शेवटचे कधी चालले ते आठवत नाही. डॉक्टरांनी खुबा बदलण्याचा सल्ला दिला, दुसऱ्या डॉक्टरांनीही तेच सांगितले, आणि आता तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली आहे. शस्त्रक्रिया करावी की नाही, हा माझा प्रश्न नाही. ती करायची हे ठरले आहे. प्रश्न आहे तो मधल्या एकवीस रात्रींचा.

दोन बाळंतपणे सोडली तर मी रुग्णालयात कधी राहिलेले नाही. दिवसा कामात काही वाटत नाही. रात्री अडीचच्या सुमारास जाग आली की छाती धडधडू लागते आणि मग दूधवाला येईपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. घरात बोलायला जावे तर मुलगा म्हणतो, "आई, आजकाल याचं काही नसतं, दुसऱ्या दिवशी चालवतात." सून म्हणते, "वाईट विचार मनात आणूच नका." यजमान टीव्हीचा आवाज वाढवतात. सगळे मायेपोटीच चालले आहे, हे मला समजते. पण त्यानंतर पुढचे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही.

ते पुढचे वाक्य येथे लिहिते. १९९४ च्या पावसाळ्यात माझ्या सासूबाई परसातल्या ओल्या फरशीवर पडल्या आणि त्यांचा खुबा मोडला. त्यांचे वय, मधुमेह आणि दमा पाहून डॉक्टरांनी शस्त्रक्रिया टाळली आणि पायाला वजन बांधून त्यांना घरीच पलंगावर ठेवले. पलंगाची पायथ्याची बाजू दोन-दोन विटा घालून उंच केली होती. कप्पीवरून सोडलेल्या दोरीला वजनाची पिशवी टांगलेली असे, आणि त्या जराशा हलल्या की ती पिशवी पलंगाच्या लोखंडी पट्टीवर आपटत असे. त्यांचे सगळे मीच केले. पाठीला जखमा झाल्या, त्या चिघळल्या, आणि चौथ्या महिन्यात त्या गेल्या. "खुबा गेला की माणूस उठत नाही," हे वाक्य तेव्हा गल्लीत ज्याच्या-त्याच्या तोंडी होते. हल्ली मला रात्री जाग येते तेव्हा पहिल्यांदा आठवतो तो त्या पिशवीचा आवाज.

याखेरीज दोन भीती आहेत. एक मणक्यातल्या इंजेक्शनची. दुसरी, शेजारच्या एका बाईंनी सांगितले की माणूस जागा असतो आणि ठोकाठोकी ऐकू येते. परवा तपासणीला गेले तेव्हा रक्तदाब १७०/१०० निघाला. घरी तो १३० च्या आसपास असतो. फिजिशियननी पुन्हा बोलावले आहे. निव्वळ भीतीपायी तारीख पुढे जाईल का, ही आता नवी काळजी लागली आहे. ज्यांनी हे सोसले आहे किंवा जवळून पाहिले आहे त्यांनी लिहावे, आणि कृपा करून मला बरे वाटावे म्हणून गोड लिहू नये.

शेवटचाबाक

ताई, मी ३१ वर्षे एसटीत चालक होतो आणि चार वर्षांपूर्वी, वयाच्या ६४ व्या वर्षी, उजवा खुबा बदलून घेतला. आपण गोड लिहू नका म्हटले आहे, म्हणून जसे घडले तसेच लिहितो.

आवाज येतो. छातीपाशी हिरवा पडदा असतो, त्यामुळे दिसत काही नाही आणि दुखत तर अजिबात नाही. पण नवी वाटी हाडात बसवताना हातोडीचे ठोके पडतात आणि त्या प्रत्येक ठोक्याला सबंध अंग हलते. खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडीच्या शेवटच्या बाकावर बसल्यावर जसे होते, तसे. मला हे आधी कोणीही सांगितले नव्हते, म्हणून पहिल्या ठोक्याला मी दचकलो. उशाशी भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडम होत्या, त्यांनी माझा चेहरा पाहूनच विचारले, "झोप हवी का?" मी हो म्हटले आणि पुढचे मला आठवत नाही. तेव्हा आपण तेथे जाण्याआधीच सांगून ठेवा की मला ऐकायचे नाही. त्यात लाज बाळगण्यासारखे काही नाही.

दुसरे म्हणजे थंडी. शस्त्रक्रियेची खोली फार गार असते आणि नंतर मला इतकी हुडहुडी भरली की दात वाजू लागले. मला वाटले, झटकाच आला. ते भुलीमुळे होते, गरम हवेचे पांघरूण घातल्यावर पंधरा-वीस मिनिटांत थांबले. मोठ्या धोक्यांच्या कागदावर सही घेतात, पण या बारक्यासारक्या गोष्टी कोणी सांगत नाही, आणि त्या क्षणी माणूस घाबरतो तो नेमका यांनाच.

सगळ्यात जास्त भीती वाटली ती वॉर्डातून स्ट्रेचरवर नेताना. वर पाहत छताचे दिवे मोजत गेलो, अकरा होते. आत पोहोचल्यावर जो तो आपापल्या कामात होता, एक मुलगी माझ्या दंडाला पट्टा बांधताना तिच्या मैत्रिणीशी डब्याबद्दल बोलत होती, आणि ते ऐकून मला एकदम बरे वाटले. ज्या कामात माझा जीव टांगणीला लागला होता, ते तिच्यासाठी रोजच्या फेरीसारखे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी धरून वॉकरवर उभे केले. जखम दुखत होती, हे खरेच आहे. परंतु हाडावर हाड घासण्याची ती जुनी कळ, जिच्यामुळे मी दोन वर्षे ब्रेक दाबताना ओठ चावत होतो, ती तेथे नव्हती. पाऊल टेकवले आणि तिची वाट पाहिली; आली नाही.

आता वाईट भाग. तिसरी रात्र मला फार जड गेली. झोप नाही, दुखण्याच्या गोळ्यांनी पोट साफ नाही, आणि काही कारण नसताना रडू आले. एवढी मिशी असलेला माणूस रडतो म्हणून बायको घाबरली. सकाळी डॉक्टर म्हणाले की पुष्कळांना असे होते. आपल्याला झाले तर काहीतरी बिघडले असे समजू नका.

जाता जाता एक सांगतो. मी आयुष्यभर पायात कापशी, म्हणजे एका प्रकारची कोल्हापुरी चप्पल, घातली. शस्त्रक्रियेनंतर पहिले काही महिने कोल्हापुरी चप्पल माळ्यावर ठेवावी लागते, कारण तिला मागे पट्टा नसतो आणि चामड्याचा तळ ओल्या फरशीवर सरकतो. मागून बंद असलेले, रबरी तळाचे बूट आधीच आणून ठेवा आणि लांब दांड्याचे शू-हॉर्नही घ्या, म्हणजे वाकावे लागणार नाही.

भूलविभाग

मी भूलतज्ज्ञ आहे, म्हणून ठोकाठोकीविषयी वर जे लिहिले गेले आहे ते बरोबर आहे, एवढे सांगून मणक्यातल्या इंजेक्शनकडे येतो.

पाठीचा कणा आणि त्याच्या आतला मज्जारज्जू या दोन निराळ्या गोष्टी आहेत. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू साधारणपणे कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि आम्ही सुई घालतो ती त्याच्या खाली, जेथे पाण्यासारख्या द्रवात फक्त सुटे मज्जातंतू असतात. सुई फार बारीक असते आणि तिच्याआधी कातडी बधिर करणारे छोटे इंजेक्शन देतात, त्यामुळे बहुतेक जण नंतर म्हणतात की हाताला सलाइन लावताना जास्त दुखले. आपल्याला पाठ मांजरासारखी बाहेर काढून बसावे लागेल किंवा कुशीवर वळावे लागेल. खुबा दुखत असल्याने कोणती बाजू जमते ते तेव्हाच सांगा. काही मिनिटांत पाय ऊबदार आणि जड होतात. नंतर स्पर्श आणि ढकलल्याची जाणीव राहू शकते, वेदना राहत नाही. आणि भूल नीट चढली आहे, हे तपासल्याशिवाय कोणीही चीर देत नाही. पाय काही तास हलत नाहीत, त्या तासांत "आता हे असेच राहिले तर?" असा विचार येणार, तो जवळजवळ सगळ्यांना येतो. या इंजेक्शनमुळे आयुष्यभराची कंबरदुखी लागते, हा समज मात्र आपल्याकडे घट्ट रुजला आहे आणि त्याला आधार नाही. टोचलेल्या जागी काही दिवस ठणका राहू शकतो, क्वचित एखाद्याला डोकेदुखी होते आणि तिच्यावर उपचार आहेत.

रक्तदाबाचे सांगतो. रुग्णालयात शिरताच वाढणारा दाब आम्ही रोज पाहतो. घरी सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटे शांत बसून, दाब मोजा आणि तारखेसह वहीत लिहून ती वही फिजिशियनना दाखवा. एका घाबरलेल्या दिवसाच्या आकड्यापेक्षा त्या वहीला अधिक किंमत आहे. दाब १८०/११० च्या वर राहत असेल तर नियोजित शस्त्रक्रिया बहुधा पुढे ढकलली जाते, आणि ती ढकलली तरी ते अपयश नसते. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. काही गोळ्या त्या दिवशी सकाळी घ्यायच्या असतात, काही टाळायच्या असतात, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा हिशेब निराळा असतो. प्रत्येक गोळीचे नाव घेऊन विचारा. आदल्या रात्रीसाठी झोपेची सौम्य गोळीही मिळू शकते, पण मागावी लागते. आमच्याशी भेट होते तेव्हा बहुतेक रुग्ण "काही नाही, सगळे ठीक" म्हणतात आणि भीती घेऊन परत जातात, म्हणून आपण येथे लिहिले तेच वाक्य, सासूबाईंसकट, त्या डॉक्टरांना सांगा.

यंत्रमागगल्ली

मी इचलकरंजीची. भीतीपायी मी तारीख दोनदा रद्द केली आणि त्यात दोन वर्षे गेली, म्हणून लिहिते आहे.

शस्त्रक्रिया तातडीची नसते, त्यामुळे कोणी पुढे ढकलली तर ते पाप नाही. मात्र दुखण्याने पुढे ढकलणे आणि भीतीने पुढे ढकलणे यांत फरक आहे. मला प्रत्येक वेळी रद्द केल्यावर दोन दिवस गाढ झोप लागली आणि तिसऱ्या दिवशी भीती होती तेथेच परत आली. त्या दोन वर्षांत मांडीचे स्नायू वाळले, लंगडून चालल्याने दुसरा गुडघा धरला, आणि शेवटी टेबलावर गेले ती आधीपेक्षा अशक्त होऊन.

माझे सगळे सुरळीत झाले असेही नाही. टाक्यांमधून आठवडाभर पाणी झिरपत राहिले, त्यामुळे मुक्काम वाढला. जंतुसंसर्ग झाला नाही, पण त्या आठवड्यात मी दर तासाला पट्टीकडे पाहत असे. शिवाय उभी राहिले तेव्हा नवा पाय लांब वाटू लागला. हे आधी कोणी सांगितले नव्हते आणि विचारल्यावर घाईघाईने "होईल बरोबर" एवढेच उत्तर मिळाले, याचा राग मला अजून आहे. पुढे व्यायाम घेणाऱ्या ताईंनी उलगडून सांगितले की झिजलेल्या सांध्यामुळे पाय आखूड झाला होता, कंबर त्याप्रमाणे वाकडी बसली होती, आणि आता लांबी पूर्ववत आल्यावर शरीराला तीच जास्त वाटते. तीन महिन्यांनी तसे वाटणे थांबले. काहींच्या पायात खरोखरच थोडा फरक राहतो, मग बुटात पातळ टाच घालतात. ताई, तुम्ही हे आत्ताच विचारून ठेवा.

भेटायला येणाऱ्या माणसांचा बंदोबस्तही आधीच करा. आमच्याकडे एक आत्या आल्या, पलंगाशेजारी बसून केळे सोलता सोलता त्यांनी त्यांच्या नणंदेचा सांधा निखळल्याची गोष्ट सांगितली. पहिले दोन आठवडे भेटी नकोत, असे मुलाला सांगायला लावा. वाईटपणा त्याच्याकडे जाऊ द्या.

उद्यमनगरी

मी डॉक्टर नाही आणि माझा खुबाही शाबूत आहे. बायकोचा दोन वर्षांपूर्वी बदलला. शिवाजी उद्यमनगरात माझे छोटे मशीन शॉप आहे, लेथवर बेअरिंगांचे भाग काढण्यात आयुष्य गेले. घरात ती कमी घाबरली होती, मी जास्त. मला बॉल आणि वाटी समजल्यावर झोप लागली, म्हणून त्या बाजूने लिहितो. कोणाला हे रुक्ष वाटले तर सोडून द्यावे.

आजच्या खुब्याचा पाया इंग्लंडमधल्या राइटिंग्टन रुग्णालयातले शल्यचिकित्सक जॉन चार्नली यांनी घातला. त्यांनी प्रथम टेफ्लॉनच्या वाट्या वापरल्या. त्या गुळगुळीत होत्या, पण काही वर्षांतच झिजल्या आणि झिजेच्या चुऱ्याने आजूबाजूची ऊती सुजली. त्या वाट्या काढण्याची वेळ आली, तेव्हा या गृहस्थांनी टेफ्लॉन आणि नवे पॉलिथिलीन यांचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेऊन शरीर काय करते ते पाहिले. १९६२ च्या नोव्हेंबरपासून त्यांनी पॉलिथिलीनची वाटी आणि सात-अष्टमांश इंच व्यासाचा, म्हणजे सुमारे २२ मिलिमीटरचा स्टीलचा बॉल बसवायला सुरुवात केली. बॉल लहान ठेवण्याचे कारण कोणत्याही फिटरला पटेल: व्यास कमी, तर घर्षणाचा पीळ कमी, तर वाटी सैल होण्याची भीती कमी. पुढे पॉलिथिलीन अधिक टिकाऊ झाले, तेव्हा मोठे बॉल परवडू लागले, आणि मोठा बॉल वाटीतून सहजी निखळत नाही. आज बहुधा ३२ किंवा ३६ मिलिमीटरचा बॉल घालतात, तो कोबाल्ट-क्रोमचा किंवा सिरॅमिकचा असतो. मांडीच्या हाडात जाणारी दांडी बऱ्याचदा टायटॅनियमची असते आणि तिचा पृष्ठभाग मुद्दाम खरबरीत ठेवतात, म्हणजे हाड त्यात वाढून धरते.

किती टिकतो, हे मी डॉक्टरांना चारदा विचारले. २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलिया आणि फिनलंड येथील नोंदींवरून काढलेले आकडे आले आहेत: १५ वर्षांनंतर सुमारे ८९ टक्के आणि २५ वर्षांनंतर सुमारे ५८ टक्के सांधे जागेवर होते. हे साहजिकच २५ वर्षांपूर्वी बसवलेल्या मालाचे आकडे आहेत. डॉक्टर शेवटी हसून म्हणाले, "तुमच्या बेअरिंगची तुम्ही किती वर्षांची हमी देता?" मी विषय बदलला.

पाऊलपाऊल

मी गेली १७ वर्षे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते, त्यांतली बहुतेक कोल्हापुरातच. वरच्या उत्तरांनंतर माझ्यासाठी मुख्यतः सासूबाईंचा पलंग उरतो, आणि माझ्या मते तीच खरी गाठ आहे.

ताई, आपण पाहिले ते मोडलेल्या खुब्याचे आजारपण होते. आपल्याला करायची आहे ती झिजलेल्या खुब्याची नियोजित शस्त्रक्रिया. अवयव एक असल्यामुळे मनाने दोन्ही एकाच पलंगावर निजवली आहेत. मोडलेल्या खुब्याचा म्हातारा रुग्ण आधीच थकलेला असतो, अपघाताने गांजलेला असतो, आणि १९९४ साली तशा प्रकृतीच्या माणसाला वजन लावून निजवणे हा अनेक ठिकाणी एकमेव मार्ग उरत असे. त्या गेल्या त्या खुब्यामुळे कमी आणि महिनोन्‌महिने निजून राहिल्यामुळे जास्त. पाठीच्या जखमा, छातीत साचणारा कफ, पायातल्या रक्ताच्या गुठळ्या, हे सगळे निजून राहण्याचे परिणाम आहेत. आता मोडलेल्या खुब्याचीही शस्त्रक्रिया शक्य तितक्या लवकर करून रुग्णाला एक-दोन दिवसांत बसवतात, ते याचसाठी. आपल्याला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभे करतील, त्यामागे रुग्णालयाची घाई नसून हेच कारण आहे. भूल उतरताच घोटे वर-खाली हलवायला सांगतील, गुठळी होऊ नये म्हणून इंजेक्शन किंवा गोळी देतील, घट्ट पायमोजे घालतील. या प्रत्येक गोष्टीचा उद्देश आपण त्या पलंगावर अडकू नये, हाच आहे.

तरीही धोका शून्य नाही. जंतुसंसर्ग साधारण शंभरात एखाद्याला होतो, सांधा निखळण्याचे प्रमाणही शंभरात दोन-तीनच्या आत आहे. यांतल्या काही गोष्टी आपल्या हातात आहेत. दात किडला असेल, लघवीला जळजळ असेल, पायावर फोड किंवा भेगांची जखम असेल तर आत्ताच दाखवा, कारण जंतू तेथून सांध्यापर्यंत जाऊ शकतात. आपल्याकडच्या भेगाळलेल्या टाचांकडे कोणी लक्ष देत नाही, तुम्ही द्या.

उरलेल्या एकवीस दिवसांचे काम सांगते, कारण रात्रीच्या अडीच वाजता मन रिकामे असले की ते तिकडेच जाते. वॉकर आजच आणा आणि आजच वापरायला शिका. शस्त्रक्रियेनंतर गुंगीत शिकण्यापेक्षा हे सोपे जाते. तो नातवंडांच्या उंचीचा लावून आणणारे पुष्कळ आहेत. ताठ उभे राहून हात खाली सोडले की मूठ मनगटाच्या रेषेत आली पाहिजे. पेठेतल्या जुन्या घरांचे जिने मला माहीत आहेत, उभे आणि अरुंद. चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी, हे घोकून ठेवा, आणि जमल्यास पहिले सहा आठवडे खालच्याच खोलीत झोपा. बैठ्या संडासाऐवजी कमोड लागेल. बांधकाम शक्य नसेल तर भोक असलेली कमोड खुर्ची मिळते. खुर्ची अशी हवी की बसल्यावर गुडघे खुब्याच्या वर जाणार नाहीत. चीर मागच्या बाजूने दिली असेल तर साधारण सहा ते बारा आठवडे खुबा काटकोनापेक्षा जास्त दुमडायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचे नाही, आणि झोपताना दोन्ही पायांमध्ये उशी घ्यायची. पुढून दिली असेल तर बंधने वेगळी आणि कमी असतात, ती आपल्या डॉक्टरांकडूनच घ्या. मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे, पूजेला पाटावर बसणे हे बहुतेक डॉक्टर कायमचेच टाळायला सांगतात. हे ऐकताना अनेक बायकांचे डोळे भरतात, शस्त्रक्रियेच्या धोक्यांनी भरत नाहीत ते. देवासमोर खुर्चीत बसायचे, याची सवय या तीन आठवड्यांतच केली तर नंतर ते आजारपणाचे लक्षण वाटत नाही.

आणि घरच्यांना "वाईट विचार करू नका" हे वाक्य बोलायचे नाही, असे माझे नाव सांगून बजावा. रुग्णाने ओठ मिटले की आम्हालाही कळत नाही नेमके कुठे अडले आहे.

शाळामास्तरीण

सर्वांची उत्तरे मी वहीत उतरवून घेतली होती. आज शस्त्रक्रियेचा चौथा दिवस आहे आणि सून माझ्याकडून ऐकून हे टंकत आहे, त्यामुळे चुका तिच्या.

पाऊलपाऊल ताई, आपले उत्तर आले त्याच रात्री जेवताना सासूबाईंचा विषय मी काढला. मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. तो म्हणाला, "ती पिशवी मलाही आठवते. मी तिला हात लावला म्हणून तू मला मारलं होतंस." मला ते मुळीच आठवत नव्हते. यजमान त्या रात्री टीव्ही न लावता बराच वेळ बसून होते. त्यानंतर मला रोज झोप लागली असे नाही. अडीचला जाग येतच होती, पण शेजारी यजमानही जागे आहेत, हे समजू लागले, आणि एकदोनदा आम्ही उठून चहा केला. रक्तदाबाची वही दाखवली, फिजिशियननी तारीख आहे तीच ठेवली.

भूल देणाऱ्या डॉक्टरांना ऐकायचे नाही म्हणून सांगितले होते. तरीही मध्येच एकदा जाग आली आणि दोन ठोके ऐकले. शेवटच्या बाकाची उपमा आठवून मला हसू आले की मी हसल्याचे स्वप्न पडले, सांगता येत नाही. दिवे चौदा होते. हुडहुडी भरली. तिसरी रात्र, म्हणजे कालची, सांगितल्याप्रमाणेच गेली.

वॉर्डात आणल्यावर पलंगाच्या पायथ्याशी काय आहे ते मला पाहायचे होते, परंतु वाकायला मनाई, म्हणून मुलाला पाहायला सांगितले. तो खाली वाकून म्हणाला, "विटा नाहीत. चाकं आहेत." परवा सकाळी त्याच पलंगाला धरून उभी राहिले आणि काल दारापर्यंत जाऊन आले. जखम दुखते. ती जुनी कळ अजून आलेली नाही. मीही तिची वाट पाहते आहे.

एक विचारायचे राहिले. ते घट्ट पायमोजे रात्री काढायचे की नाहीत, याची येथे दोन परिचारिकांनी दोन उत्तरे दिली आहेत आणि डॉक्टरांची फेरी उद्याच आहे. पाऊलपाऊल ताई, आज रात्रीपुरते काय करू?